काटा मधोमध

यवतेश्वरच्या चढाला मला वडापच्या जीपने मागे टाकलं. आत दहा-बारा माणसं, टपावर कांद्याची पोती, आणि ती आरामात हॉर्न देत पुढे निघून गेली. माझ्या गाडीत मी एकटी. एसी बंद, गिअर दुसरा, ॲक्सिलरेटर पार तळाला टेकलेला, आणि तरी गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. घरी येऊन मी वहीत पहिली नोंद केली: 'बोगदा ते यवतेश्वर. तिसरा गिअर एकदाही टिकला नाही.'

गाडी आबांची. नोव्हेंबर २००९ ची ऑल्टो, आठशे सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, काट्यावर ८१ हजार किलोमीटर. मोतीबिंदूमुळे आबांनी चालवणं सोडलं आणि ती वाईच्या घरामागच्या शेडमध्ये दहा महिने उभी राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं होणार होती. म्हणजे पुन्हा पासिंग, पाच हजार फी, वर हरित कर. भाऊ म्हणाला, भंगारात घाला, डोक्याला ताप नको. मला सातारा-वाई ये-जा करायला गाडी हवी होती आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती. एवढंच कारण. 'आबांची आठवण' वगैरे काही नाही, आबा चांगले ठणठणीत आहेत आणि रोज फोन करून गाडीत हवा भरली का विचारतात.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. त्यामुळे वही ठेवायची खोड आहे, आणि पुढचं सगळं त्या वहीतूनच उतरवतेय.

सुरुवातीला हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा ॲक्सिलरेटर ओढला आणि सांगितलं, रिंग-पिस्टन गेलेत, इंजिन उतरवावं लागेल, तीस हजार धरून चाला. कशावरून, विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, आवाजावरून कळतं.' मी आमच्या संस्थेत आवाजावरून कुणाला कर्ज देत नाही. गाडी घेऊन परत आले.

गोडोलीला एक मिस्त्री आहेत, एकटेच काम करतात, एक पोरगा हाताखाली. त्यांनी आधी गाडी गरम करून आणायला सांगितलं. मग तिन्ही प्लग काढले, इंजेक्टरचा फ्यूज काढला, एकेका भोकात सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज लावून मला आत बसवलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद स्टार्टर मारायचा. आकडे आले १६०, १६५, १६० पौंड. तिन्ही एकमेकांना लागून. रिंग खरंच गेली असती तर एखादा तरी आकडा ढासळला असता. हे तपासायला पंचवीस मिनिटं लागली आणि तीस हजार वाचले.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ताई, इंजिनाला काय बी झालेलं न्हाई. गाडी उपाशी हाय, आन् तिला मागनं कुणीतरी धरूनबी ठेवलंय."

तेव्हा मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पुढे दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या निघाल्या.

आमचं ठरलं असं. मला घरी जमेल ते मी करायचं, अवघड ते त्यांनी. एका वेळी एकच बदल. त्यानंतर तोच यवतेश्वरचा चढ, आणि टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज, एकाच पंपावर. मिस्त्रींना हा उद्योग फार आवडला असं नाही. सगळं एकदम करून मोकळं व्हायची त्यांची सवय. पण मला कुठल्या पैशाने काय विकत मिळालं ते बघायचं होतं.

टाकीतलं दहा महिन्यांचं पेट्रोल आधी काढून टाकलं. त्याला पेट्रोलचा वास राहिलाच नव्हता, जुन्या वार्निशसारखं काहीतरी. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीत पेट्रोल साठवणं पूर्वीपेक्षाही वाईट. इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप हातात वाकवला तर त्यावर बारीक चिरा दिसल्या. हा पाईप पिकअपसाठी नाही, आग लागू नये म्हणून बदलला. नवा इथेनॉलला टिकणारा घेतला. ताज्या पेट्रोलवर पहिला ॲव्हरेज आला ११.८.

मग हवा. आबा रोज विचारतात आणि तरी चारही चाकांत १८ ते २२ च्या मध्ये काहीतरी होती. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी भरली. ती सकाळी थंड टायरमध्ये बघायची, सातारा-वाई करून आल्यावर नाही. टायरच्या नक्ष्या नव्यासारख्या होत्या, म्हणून मी खूश. मिस्त्रींनी कडेला बोट ठेवून आकडा वाचायला लावला: २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबराला वय असतं, नक्षी झिजली नाही म्हणून ते तरुण राहत नाही. टायर नंतर बदलले, पण तो खर्च मी वेगळा धरलाय. नुसत्या हवेवर ॲव्हरेज १२.६ झाला. खर्च शून्य.

एअर फिल्टरचा डबा उघडला तो रविवार मी विसरणार नाही. चार क्लिपा सोडल्या, झाकण उचललं आणि आत भुईमुगाची टरफलं. ओंजळभर. त्याखाली कुठल्याशा गादीचा कापूस, थोडी ज्वारी, आणि फिल्टरच्या एका कोपऱ्याला रुपयाएवढं कुरतडलेलं भोक. शेडमध्ये शेंगांची पोती होती, शेजारी गाडी. उंदराने संसार मांडला होता आणि माझी गाडी त्याच्या भिंतीतून श्वास घेत होती. भोकातून काही आत गेलं असेल का या काळजीने मी टॉर्च घेऊन पाईपमध्ये डोकावले, पुढे फक्त धूळ होती. डबा ओल्या फडक्याने पुसला, २२० रुपयांचा फिल्टर बसवला आणि लगेच घाटात गेले. अर्धा चढ तिसऱ्यावर! उपाशी म्हणजे काय ते कळलं. गंमत म्हणजे ॲव्हरेज मात्र जवळपास तेवढाच राहिला. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे चोंदलेला फिल्टर जोर खातो, पेट्रोल फारसं खात नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं गणित वेगळं होतं, आणि आबांच्या डोक्यात तेच आहे.

प्लग काढले तर दोन बिस्किटाच्या रंगाचे, ते ठीक. तिसरा काजळी धरलेला. मी तिन्ही नवे बसवले, गॅप फीलर गेजने तपासून. फरक जाणवला, पण इंजिनाचं मधेच अडखळणं, म्हणजे मिसिंग मारणं, थांबेना, विशेषतः सकाळी. मिस्त्री म्हणाले, अंधार पडल्यावर बॉनेट उघडून बघा. रात्री साडेनऊला बिल्डिंगच्या मागे दिवे बंद करून गाडी सुरू केली, आणि खरंच, प्लगच्या एका वायरीवर बारीक निळी ठिणगी सरपटत होती, टिक टिक आवाज करत. वॉचमनकाका दोन पावलं मागे गेले. ती वीज प्लगमध्ये जायची ती वाटेतच इंजिनाच्या अंगावर उतरत होती. वायरींचा सेट बदलला. मिसिंग गेलं. (तोपर्यंत मी वायरींना हात लावला नव्हता हे नशीब. चालू इंजिनात त्या धरायच्या नसतात.)

इंजिन ऑइलबद्दल दुकानात वाद झाला. काउंटरवरचा मुलगा म्हणे, जुनी गाडी आहे ना, जाडच घाला, आवाज दबतो. आवाज दबतो हे खरं, पण जाड ऑइल सकाळी वर चढायला वेळ घेतं आणि नेमकी तेव्हाच झीज होते. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात आबांनी मूळ पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ठेवली होती. त्यातल्या तक्त्यात दिलेली ग्रेड मी घेतली. तीन लिटरचा डबा पुरून थोडं उरलं, आणि ते थोडं उरलेलं आत ओतायचा मोह टाळला. ऑइल पट्टीवर वरच्या खुणेच्या वर गेलं की फायदा नाही, तोटाच.

जुनं ऑइल काळं होतं, ते सगळ्यांचंच असतं. पण ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दह्यासारखा पिवळट-पांढरा थर होता. मी घाबरले, कारण हेड गॅस्केट गेलं की ऑइलमध्ये पाणी जातं आणि असा थर येतो हे वाचलं होतं. मिस्त्रींनी ऑइल पट्टी बघितली, रेडिएटरचं पाणी बघितलं, त्यात तेलाचा तवंग नाही, पाणी कमीही होत नाही. "गॅस्केट न्हाई. पर ही साय का धरतीय ते बघू या." फ्लश मारू का विचारलं तर ठाम नाही म्हणाले. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला की खाली चेंबरमधल्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा हे ऑइल हजार किलोमीटर चालवून पुन्हा बदला. तसंच केलं.

आता 'मागनं धरून ठेवलंय' याचं. मिस्त्रींनी मला एक साधी परीक्षा सांगितली. मोकळ्या रस्त्याला दहा किलोमीटर चालवायचं, शेवटी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची, आणि उतरून चारही रिमांजवळ हात न्यायचा. तीन चाकं कोमट, पुढचं डावं असं तापलेलं की हात नेववेना. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जॅम झाल्या होत्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून घासत राहायचा. मी चोवीस तास अर्धा ब्रेक दाबून गाडी चालवत होते म्हणा ना. भर म्हणून हँडब्रेकची वायर कुणीतरी ताणून ठेवलेली, मागचे लायनरही घासत होते.

पिना काढून साफ केल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं, ते पूर्ण बदललं. तेही ओल पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आबांनी पंधरा वर्षांत किती वेळा बदललं विचारलं तर म्हणाले, "कमी झालं की भरायचो की." हे काम मी हाताखाली राहून बघितलं, केलं नाही. ब्रेकमध्ये शिकाऊपणा नको.

घरी आल्यावर गेटसमोर न्यूट्रलला टाकली तर गाडी आपली आपण मागे घरंगळायला लागली. आमच्या गेटसमोर उतार आहे हे मला त्या दिवशी कळलं. ॲव्हरेज १४.१.

गिअर ऑइलचं थोडक्यात सांगते. खालचा नट सोडायच्या आधी वरचा भरायचा नट सुटतोय का ते बघायचं. नाहीतर जुनं ऑइल जमिनीवर आणि नवीन घालायला वाट नाही, अशी फजिती होते. आमचा वरचा नट लांब पाइप लावून कसाबसा सुटला. ऑइल बदलल्यावर सकाळी पहिल्याचा दुसरा गिअर टाकताना होणारी खरखर गेली. ॲव्हरेजमध्ये काही नाही. पेट्रोलमध्ये टाकायची एक महागडी बाटलीही मी या काळात आणली होती, कुणाला न विचारता. वहीत तिच्यापुढे 'फरक नाही' असं लिहिलंय आणि रक्कम खोडलीय, कारण लाज वाटली.

मग कुलंट. झाकण उघडलं तर आत गंजाचं लाल पाणी. आबा वाईला बोअरचं पाणी भरत. मिस्त्रींनी सगळं रिकामं केलं, वरच्या पाईपचं तोंड सोडलं, आत बोट घालून चाचपलं आणि हसायला लागले. थर्मोस्टॅटच नव्हता. जागा होती, वॉल्व्ह नव्हता. कुणीतरी काढून फेकला होता.

आबांना फोन लावला. "हो, काढलाय की. लय वर्षं झाली. पसरणीच्या घाटात एकदा गरम झाली होती, तेव्हा तिथल्या माणसानं काढून दिला. त्यानंतर काटा कधी वर गेला नाही बघ!" आवाजात अभिमान होता.

काटा वर गेला नाही, हीच तर भानगड होती. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं दार. इंजिन गार असताना बंद, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. मग दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. दारच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि इंजिन कधी धड तापतच नाही. आत पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगत राहतो की गाडी नुकतीच सुरू झालीय, आणि कॉम्प्युटर थंडीतल्या सुरुवातीला लागतं तसं जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. वाईपासून साताऱ्यापर्यंत. झाकणाखालचं दहीही त्यामुळेच. इंजिनात पेट्रोल जळताना वाफ तयार होते, ऑइल पुरेसं तापलं तर ती निघून जाते, नाहीतर ऑइलमध्ये मिसळून साय धरते.

नवा थर्मोस्टॅट आणला. मिस्त्री म्हणाले, नवा असला तरी बघून बसवावा. म्हणून मी घरी जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, तळाला टेकू दिला नाही, आणि शेजारी थर्मामीटर सोडला. त्यावर ८२ अंश कोरलेलं होतं. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. मी गॅस बारीक केला. त्र्याऐंशीच्या आसपास पितळी चकती केसभर उचलली गेली, मग थोडी आणखी, आणि पाणी उकळायला लागेपर्यंत करंगळीचं टोक जाईल एवढी फट. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटली. मी ते तीन वेळा केलं. दोनदा खात्रीसाठी, तिसऱ्यांदा नुसतं बघायला. लेक मागे उभी राहून म्हणाली, "आई, याची भाजी करणारेस का?"

बसवताना घोळ माझ्यामुळे झाला. मिस्त्रींना एक तातडीचं काम आलं, म्हणून कुलंट मी भरलं आणि घाईने निघाले. पोवई नाक्याच्या सिग्नलला काटा चढायला लागला. मधोमध आला, थांबला नाही, वर निघाला. हीटर पूर्ण लावला तर गार हवा. आत हवेचा फुगा अडकला होता, पाणी फिरतच नव्हतं. गाडी कडेला घेऊन बंद केली आणि पाऊण तास पाणीपुरीच्या गाड्याशेजारी उभी राहिले. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. पूर्ण गार झाल्यावर मिस्त्रींनी पुढची चाकं उंचावर घेतली, झाकण उघडं ठेवून हीटर लावून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे येत गेले, पातळी खाली जात गेली, आम्ही भरत गेलो. वीसेक मिनिटांनी बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम वारा आला. ऑक्टोबरच्या उकाड्यात मला तो गोड वाटला.

पुढच्या टाकीला १६.३. पुढच्या दोन टाक्यांना १५.९ आणि १६.५, म्हणजे आकडा योगायोगाचा नव्हता. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आधी ०.४६ होता, मर्यादा ०.५, कसाबसा पास. आता ०.०९. पासिंगला गाडी एका फेरीत झाली.

खर्च: दोन वेळचं ऑइल, फिल्टर, प्लग, वायरी, थर्मोस्टॅट, कुलंट, गिअर ऑइल, ब्रेकचं सामान, पेट्रोलचा पाईप आणि मजुरी धरून ९,८२० रुपये. टायर आणि टायमिंग बेल्ट वेगळे. बेल्ट तुटायची वाट बघायची नव्हती. एसी अजून तसाच आहे, मे महिन्यात निरुपयोगी. आठशे सीसीची गाडी आठशे सीसीचीच राहिली, हायवेला ट्रक ओलांडताना आधी विचार करावा लागतो.

डिसेंबरमध्ये आबांना डोळे तपासायला पुण्याला नेलं होतं. परतताना खंबाटकी. चौघं गाडीत, डिकीत आईने घेतलेलं सामान. पायथ्याला तिसरा टाकला आणि तो टिकला, दोन अवघड वळणं सोडली तर. मी मनातल्या मनात वही काढलीच होती, एवढ्यात शेजारून आबा म्हणाले, "थांबव. गाडी थांबव."

"काय झालं?"

"काटा बघ. निम्म्यावर आलाय. गरम व्हायला लागली."

"आबा, तो तिथेच असायला हवा."

"मला शिकवू नको. दहा वर्षं चालवलीय मी, कधी तिथं गेला नाही."

डोळा नवा होता, काटा त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. मी थांबवली नाही. घाट उतरून सुरूर फाटा आला, वाईचं वळण घेतलं, तरी त्यांनी नजर काट्यावरून काढली नाही. घरी उतरल्यावर चहाही न घेता बॉनेटवर हात ठेवून बघितला, मग शेडमधून पाण्याचा कॅन आणून तो मागच्या सीटखाली सरकवून ठेवला. बोअरच्या पाण्याचा. साताऱ्याला आल्यावर मी तो तुळशीला घातला.